हौदा अर्धा रिकामा दिसला तरी

प्रिय सोनू,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर आपलं बोलणं धड पूर्ण झालंच नाही. "आई, तुला फक्त नाही म्हणायचं असतं," असं तू म्हणालीस, तेवढ्यात पिल्लू रडायला लागलं आणि फोन ठेवलास. तुझ्या कुंभारकामासाठी पिकअप घ्यायला मला नाही म्हणायचं नव्हतं गं. मला एकच विचारायचं होतं, एका खेपेला माती किती भरणार आहेस? तेवढंच राहून गेलं आणि बाकी नको ते सगळं बोलून झालं. म्हणून लिहायला बसले. कोणती गाडी घ्यायची ते मी सांगणार नाही, हे ठरवूनच बसले आहे.

तू पाठवलेली यादी नीट वाचली. फोर्डची मॅव्हरिक की ब्रॉन्को स्पोर्ट, ह्युंदाईची सांता क्रूझ की ट्यूसॉन. प्रत्येक जोडीत पहिली पिकअप, म्हणजे मागे उघडा हौदा, आणि दुसरी क्रॉसओव्हर, म्हणजे कारसारखी बांधलेली, बंद डिकीची उंच गाडी. या सख्ख्या बहिणींच्या जोड्या आहेत, हे तुझ्याही लक्षात आलं असेल. फोर्डच्या दोघी एकाच प्लॅटफॉर्मवर, म्हणजे खालच्या त्याच मूळ रचनेवर बांधलेल्या, ह्युंदाईच्या दोघींचंही तसंच. बाबांच्या पिकअपला खाली वेगळी चासी होती आणि मागे पाटे. रिकामी असली की प्रत्येक खड्ड्यात मागून उडायची आणि पावसात मागची चाकं सरकायची. या नव्या छोट्या पिकअपना कारसारखीच एकसंध बॉडी असते. त्यामुळे "पिकअप म्हणजे ट्रक, हिला रोज झेपायचा नाही" असं मामा म्हणाला असेल तर ते मनावर घेऊ नकोस. रोजचं चालवणं कारसारखंच आहे. फक्त लांबी बघ. मॅव्हरिक ब्रॉन्को स्पोर्टपेक्षा दोन फुटांहून जास्त लांब आहे आणि पाळणाघराच्या दारात सकाळी गाडी लावताना ते दोन फूट तुलाच सांभाळायचे आहेत.

म्हणजे निवड उरते ती मागच्या सीटच्या मागे काय हवं याची. उघडा हौदा की बंद डिकी?

तुझी भांडी डोळ्यांसमोर आणली की मला क्रॉसओव्हर पटते. भाजून निघालेली भांडी वजनाला फार नसतात, जागा मात्र खूप खातात. त्यांना कोरडी, कुलूपबंद जागा हवी, गाडी थांबवून कुठे गेलीस तरी काळजी नको. मागच्या सीट आडव्या केल्या की खोकी सपाट बसतात, मध्ये गोधड्या कोंबता येतात. हौद्यावर झाकण बसवता येतं, पण झाकणाच्या कडेतून पावसाचं पाणी थोडं तरी आत येतंच. प्रदर्शनाच्या दिवशी पुठ्ठ्याची खोकी ओली झाली तर तुझा चेहरा कसा होईल, ते मला माहीत आहे.

पण उलट बाजूही मला दिसते. मातीची धूळ तू रोज श्वासातून आत घेतेस, तिच्यात सिलिका असते आणि ती फुप्फुसात साठत जाते. फाटलेली पिशवी, ग्लेझची (भांड्यांवरच्या काचेसारख्या लेपाची) पावडर, भट्टीच्या जुन्या विटा, हे सगळं पिल्लाच्या सीटमागे, त्याच बंद हवेत ठेवायचं? आणि तो गॅसचा सिलिंडर! तो उभा आणि घट्ट बांधलेलाच हवा आणि त्याच्या भोवती हवा खेळती हवी. बंद गाडीत गळती झाली तर वास येईपर्यंत गॅस साचलेला असतो. हौद्यात धूळ आणि गॅस साचायचा प्रश्नच येत नाही. काम संपलं की पाइप लावून हौदा धुऊन टाकायचा.

मागे तू डिकी उघडी ठेवून, दोरीने बांधून लांब फळ्या आणल्यास आणि मला फोटो पाठवलास. तेव्हा मी काही बोलले नाही, आता सांगते. गाडी चालत असताना तिच्या मागे हवेचा दाब कमी होतो आणि उघड्या डिकीतून सायलेन्सरचा धूर आत ओढला जातो. त्यातला कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही आणि त्याला वासही नसतो. डोकं जड झालं तर थकलो असू असं वाटतं. असं पुन्हा करू नकोस. मॅव्हरिकचा हौदा साडेचार फुटांचाच आहे, पण फाळका अर्धा उघडा अडकवला की आठ फुटी प्लायवूड चाकांच्या उंचवट्यांवर आडवं टेकतं. मागच्या टोकाला लाल फडकं बांधायचं, माल पट्ट्यांनी आवळायचा. धूर बाहेरचा बाहेर.

आता माती. तू म्हणालीस, एक टन एकदम मागवली की सहा महिने बघायला नको, आणि "हौद्यात आरामात मावते". मावते, हे खरंच आहे. माझी भीती तीच आहे.

हिशेब करून बघ. मॅव्हरिकच्या हौद्याची जागा साधारण ०.९४ घनमीटर. ओली चिकणमाती घनमीटरला दोन टनांच्या आसपास भरते. म्हणजे एक टन मातीने हौदा जेमतेम अर्धा भरेल. तू मागे उभी राहून बघशील आणि तुला वाटेल, अजून कितीतरी जागा आहे. पण गाडीची वजन उचलायची मर्यादा सुमारे १५०० पौंड, म्हणजे ६८० किलो, आणि त्यात माणसंही मोजतात! तू, जावईबापू, पिल्लू, त्याची सीट, पाण्याचा कॅन, तुझी हत्यारांची पेटी धरून पावणेदोनशे किलो तिथेच गेले. उरले पाचशे. हौदा पाव भरला की तुझी खेप पूर्ण झालेली असते. २५ पौंडांच्या दोन पिशव्यांचं एक खोकं धरलंस तर बावीस खोकी, बस. ब्रोशरमधला आकडा धरून चालू नकोस. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर स्टिकर असतो, माणसं आणि सामान मिळून किती, ते त्या एका गाडीपुरतं लिहिलेलं असतं. जास्तीच्या सोयी घेतल्यास तर तो आकडा खाली येतो.

क्रॉसओव्हर घेतलीस तरी मातीचं गणित सुटत नाही. तिथे डिकी भरल्यासारखी दिसते म्हणून माणूस आधी थांबतो, एवढाच फरक.

तुला ते घाटातलं आठवणार नाही. तू मागे आत्याच्या मांडीवर झोपली होतीस. फरशा आणायला गेलो होतो. दुकानदाराने "चार खोकी अजून टाका, जागा आहे" म्हणून वर चढवली आणि बाबांनी नको म्हटलं नाही. गाडी मागून इतकी बसली होती की दिव्यांचा उजेड झाडांच्या शेंड्यांवर पडत होता आणि स्टिअरिंग हलकं लागत होतं. उताराला लागल्यावर थोड्या वेळाने जळका वास यायला लागला. बाबांनी ब्रेक दाबला, गाडी थोडी मंदावली, पुन्हा दाबला तेव्हा पाय खालपर्यंत गेला. ते काहीच बोलले नाहीत. एक एक गिअर खाली आणत त्यांनी गाडी दुसऱ्यात आणली, इंजिन ओरडत होतं, आणि पहिल्या सपाट जागेला डोंगराच्या बाजूला नेऊन थांबवली. चाकांतून धूर निघत होता. मी बाबांकडे बघितलं तर त्यांचे हात स्टिअरिंगवरून निघेनात. आत्या मागून विचारत होती, "चहाला थांबलो का?" त्या रात्री चारच नाही, बारा खोकी तिथेच रस्त्याच्या कडेला उतरवली आणि सकाळी दुसऱ्या खेपेत आणली. तुझ्या त्या घराच्या पायरीला त्यातल्याच फरशा आहेत, जिथे बसून तू ओल्या मातीच्या वाट्या करायचीस. काठ वाकडे असायचे, पण बूड कधी गळलं नाही. त्यातली एक अजून माझ्या टेबलावर आहे, तिच्यात पेनं ठेवते.

कुठे होते मी? हां, ब्रेक. ते तापले की हवे तेव्हाच दगा देतात. टायरचंही तेच, हवा कमी आणि वजन जास्त असलं की कडा तापतात आणि फुटतो तो नेमका वेगात असताना. वेग दुप्पट केलास तर थांबवायची ऊर्जा चौपट होते. खोकी पुढच्या भिंतीला टेकवून, मागच्या चाकांच्या पुढे जास्त वजन येईल अशी रच. पट्ट्या ताणून बघ. थोडं अंतर गेल्यावर थांबून पुन्हा ताण, कारण माल बसतो आणि पट्ट्या सैल पडतात. आणि सुटं काही आत ठेवू नकोस. ताशी ५० किलोमीटरने गाडी आदळली तर मागचं जड सामान स्वतःच्या वजनाच्या कैक पट जोराने पुढे येतं, आणि पुढे कोण बसलेलं असतं?

बघ, सुरू झालं माझं भाषण. माफ कर. हे सगळं तुला ठाऊक असेल, दहा वर्षं तू तुझं तू सांभाळते आहेस. भट्टी स्वतः बांधलीस तेव्हा मी भीत होते आणि तू विटांचे थर मोजत होतीस. पहिली भट्टी उघडल्यावर मला व्हिडिओ केलास, तो मी मामीला, शेजारच्यांना, बँकेतल्या त्या मुलीलासुद्धा दाखवला. तुला सांगितलं नव्हतं.

ट्रेलरचं म्हणशील, तर तोही चांगला मार्ग आहे, विशेषतः क्रॉसओव्हर घेतलीस तर. पण ट्रेलरच्या वजनाचा दहावा ते सातवा हिस्सा हुकवर यावा लागतो, नाहीतर मागे तो शेपटीसारखा झुलायला लागतो. हुकवरचं ते वजन गाडीच्या मर्यादेतूनच वजा होतं. आणि उलटी गाडी घ्यायचा सराव आधी मोकळ्या जागेत कर.

एक गोष्ट वाचली होती, तुला आवडेल. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला ऑस्ट्रेलियातल्या एका शेतकऱ्याच्या बायकोने फोर्ड कंपनीला पत्र लिहिलं होतं म्हणतात, की आम्हाला अशी गाडी द्या जिच्यात रविवारी चर्चला जाता येईल आणि सोमवारी डुकरं बाजारात नेता येतील. त्यावरून लू बँड्ट नावाच्या तरुण डिझायनरने पुढे कार आणि मागे हौदा अशी गाडी आखली आणि १९३४ मध्ये ती बाजारात आली. त्या बाईला काय हवं होतं ते तिला नेमकं माहीत होतं. तुलाही माहीत आहे. म्हणून सांगणार नव्हते ते सांगते. पिकअप घे. तुझ्या कामाला हौदा हवा. भांडी मागच्या सीटवर आणि पायाशी जातील, मोठ्या प्रदर्शनाला एक दिवस बंद व्हॅन भाड्याने घे. माझ्या नाही म्हणण्याने तू क्रॉसओव्हर घ्यावीस आणि पिल्लू त्या धुळीत बसावं, असं मला नको आहे.

पण एक टन नको. दोन खेपा कर. किंवा माती त्यांच्याच गाडीतून दारात उतरवून घे, वर्षातून दोनदा तर लागते. पहिल्यांदा भरशील तेव्हा वजनकाट्यावर गाडी चढव आणि पावती ठेव. आणि ठरवताना पिल्लाची सीट स्वतः बसवून बघ. छोट्या पिकअपची मागची पाठ जरा जास्तच सरळ असते आणि मागे तोंड केलेल्या सीटला जागा कमी पडते, मग पुढचा माणूस गुडघे आखडून बसतो. जावईबापूंची उंची बघता हे शोरूममध्येच करून बघा.

बाबांनी वाचलं हे. म्हणाले, "टायरच्या हवेचं लिहिलंस का?" लिहिलंय म्हटलं. मग म्हणाले, "मातीचं?"

तुझी,
आई

ता. क. हवा भरताना टायरवर छापलेला आकडा धरू नकोस, तो कमाल दाब असतो. दारावरच्या स्टिकरवर लिहिलेला धर आणि टायर थंड असताना भर. गाडी ठरली की त्या स्टिकरचा फोटो पाठव.