खुर्चीतून उठण्याविषयी मित्रास पत्र

कोल्हापूर,
दि. ५ जून

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

पुण्याहून बदली होऊन तू आपल्या गावी, लक्ष्मीपुरीतील बँकेच्या शाखेचा व्यवस्थापक म्हणून येत आहेस, याचा मनापासून आनंद झाला. हे कळल्यापासून एका विषयावर तुला सविस्तर लिहावे असे मनात होते. शाखेतील माणसे दिवसभर जागेवरून हलत नाहीत आणि हे बदलणे आता तुझ्या हातात आहे.

तालमींच्या या गावात व्यायामाची महती कोणाला सांगावी लागत नाही. मात्र सकाळी रंकाळ्यावर फेऱ्या मारून आलेला माणूसही एकदा खुर्चीत बसला की दुपारपर्यंत उठत नाही आणि डबासुद्धा त्याच टेबलावर उघडतो. २०१६ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात १० लाखांहून अधिक लोकांच्या माहितीचे विश्लेषण प्रसिद्ध झाले. त्यानुसार, दिवसाचे आठ तास बसण्याने वाढणारा मृत्यूचा धोका भरून निघण्यासाठी रोज ६० ते ७५ मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल लागते. घरचे सगळे उरकून धावतपळत बस गाठणाऱ्या महिला कर्मचाऱ्यांनी एवढा वेळ कोठून काढावा? म्हणून कामाच्या तासांतच हालचालीला जागा केली पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

ब्रिटिश संशोधक जेरी मॉरिस यांनी १९५३ साली लंडनच्या दुमजली बसगाड्यांवरील चालक आणि वाहक यांची तुलना मांडली होती. दिवसभर जिने चढउतार करणाऱ्या वाहकांमध्ये हृदयविकाराचे प्रमाण बसून गाडी हाकणाऱ्या चालकांपेक्षा कमी आढळले. त्या वाहकांना व्यायाम करा असे कोणी बजावले नव्हते. त्यांचे कामच तसे होते.

आपल्याकडे कामाची घडी नेमकी उलटी बसली आहे. साहेबांनी घंटी वाजवायची आणि चार पावलांवरच्या कपाटातली फाईल शिपायाने आणून द्यायची. पाण्याचा पेलाही टेबलावरच यायला हवा. हुद्दा जितका मोठा तितके उठणे कमी, आणि जागेवर दिसत नाही तो कामचुकार, हा समज तर इतका मुरलेला आहे की पाठ अवघडलेला कारकूनही उभे राहायला कचरतो. हा संकोच परिपत्रक काढून जाणार नाही. तू स्वतः फाईल आणायला उठलास, कर्जाच्या प्रकरणाविषयी विचारायला संबंधिताच्या टेबलापाशी गेलास आणि दहा मिनिटांची सकाळची बैठक उभ्यानेच घेतलीस, तर बाकीच्यांना वेगळी परवानगी मागावी लागणार नाही.

कॅशियरचा विचार स्वतंत्रपणे कर. रोकड दुसऱ्याच्या हवाली करून त्याला सहज बाहेर पडता येत नाही. त्याचे नोटा मोजण्याचे यंत्र उभ्याच्या उंचीवर ठेवले, तर प्रत्येक बंडलासाठी तो आपोआप उठेल. उठल्यावर पोटऱ्यांचे स्नायू आवळतात आणि पायांत साचलेले रक्त वर ढकलले जाते. संध्याकाळी पाय जड होण्याची तक्रार त्याने कमी व्हावी. जेवणानंतर सर्वांनीच दहा मिनिटे चालावे, कारण चालताना स्नायू रक्तातील साखर वापरतात आणि ती एकदम चढत नाही. मधुमेह घरोघरी पोहोचलेल्या आपल्या देशात ही सवय मोलाची आहे.

हालचाल सलग दहा मिनिटे झाली तरच ती मोजायची, ही अट जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत राहिलेली नाही. त्यामुळे दोन-तीन मिनिटांचे उठणेही वाया जात नाही. पावले मोजण्याच्या स्पर्धा मात्र भरवू नकोस. गुडघे दुखणारे, गरोदर असलेले किंवा अपंगत्व असलेले सहकारी त्यात उगाच मागे पडतात आणि कोणाच्या वजनावर चारचौघांत बोलणे तर मुळीच होऊ नये.

रुजू होण्यापूर्वी एखाद्या संध्याकाळी आपण दोघे शाखेत जाऊन प्रिंटर, पाण्याचा जार आणि कपाटे कोठे आहेत ते पाहून घेऊ. प्रिंटर खोलीच्या दुसऱ्या टोकाला हलवायचा असेल तर वायरिंगचे काम आधीच करून घ्यावे लागेल, म्हणून येण्याची तारीख लवकर कळव.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
अनंत