चूक सांगणाऱ्याचीच नोकरी धोक्यात

महोदय,

भोसरी एमआयडीसीत मी अकरा वर्षं सीएनसी मशीन (संगणकावर चालणारं, धातू कापायचं यंत्र) चालवतो. गेल्या महिन्यात रात्रपाळीत ऑफसेट (हत्यार किती सरकवायचं तो आकडा) टाकताना माझ्याकडून ०.०५ ऐवजी ०.५ पडलं आणि सहा बुशांचा (धातूच्या पोकळ नळकांड्यांचा) बोअर, म्हणजे आतलं भोक, मोठा झाला. मी लगेच मशीन थांबवून सुपरवायझरला सांगितलं, म्हणून बाकीचा लॉट वाचला. सकाळी सगळ्यांसमोर मला ऐकवलं, ‘उद्यापासून दुसरीकडे बघ.’

नोकरी टिकली. पण परवा शेजारच्या मशीनवरचा पोरगा बिघडलेला जॉब, म्हणजे मशीनवर बनणारा भाग, बरीच्या (धातूच्या किसाच्या) ट्रॉलीत खाली दाबताना दिसला. हात थरथरत होते त्याचे. त्याचं कंत्राट सहा-सहा महिन्यांचं, घरी लहान मूल. मला त्याला रागावता आलं नाही.

दंड करायचा तर आधी कामगाराचं म्हणणं ऐकावं लागतं आणि दंड पगाराच्या ३ टक्क्यांवर नेता येत नाही, असा कायदा आहे. पण काढून टाकायच्या धमकीपासून कंत्राटी पोरांना कोण वाचवणार? टोयोटाच्या कारखान्यात चूक दिसली की साधा कामगार दोरी ओढून लाइन थांबवू शकतो. आमच्या मालकांनी निदान एवढं करावं: ऑफसेट दोघांनी तपासायची पद्धत लावावी, आणि चूक सांगायला आलेल्याला आधी ‘कशी झाली?’ एवढंच विचारावं.

– एक सीएनसी ऑपरेटर, भोसरी