पट्टी बदलणे वेगळे, कॉर्ड बदलणे वेगळे

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

संगणकावरील संगीतनिर्मितीविषयी आपल्या पुरवणीत आलेला लेख नवशिक्यांना उमेद देणारा होता. मात्र तयार लूप (पुन्हा पुन्हा वाजवायचा ध्वनीचा छोटा तुकडा) घेऊन सेमीटोनचा (लगतच्या दोन स्वरांमधल्या सर्वांत लहान अंतराचा) आकडा बदलला की हवी ती कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारा स्वरांचा मेळ, मिळते, हे त्यातील विधान अपुरे आहे, आणि त्यावर विसंबून काम करणाऱ्याचे गाणे दुसऱ्या-तिसऱ्या कॉर्डलाच बेसूर होण्याचा संभव असल्यामुळे हे पत्र लिहीत आहे.

सेमीटोनचा आकडा बदलला की लूपमधला प्रत्येक स्वर सारख्याच अंतराने सरकतो. काळी एकमधले गाणे काळी दोनमध्ये न्यायचे असेल तर हेच हवे असते. तालवाद्यांचे लूप जागच्या जागी ठेवून बाकीचे सगळे दोन सेमीटोन चढवले की काम झाले. कॉर्ड बदलताना मात्र पट्टी कायम राहते आणि नव्या कॉर्डचे स्वर त्याच सप्तकातून निवडावे लागतात. सा-ग-प ही मेजर कॉर्ड वाजवणारा लूप दोन सेमीटोन चढवला तर रे-तीव्र म-ध हे स्वर हाती येतात. गाण्याला हवी असते ती रे-शुद्ध म-ध ही मायनर कॉर्ड. गायक शुद्ध मध्यम लावतो आणि मागे लूप तीव्र मध्यम धरून बसतो. तोच लूप तीन सेमीटोन उतरवून धैवताची मायनर कॉर्ड मिळवू पाहिल्यास षड्जाच्या जागी कोमल रिषभ येतो, आणि हा दोष तर नवख्या कानालाही टोचतो.

फसगत होते ती पहिले प्रयोग जमून जातात म्हणून. पाच सेमीटोनांनी म-ध-सा आणि सात सेमीटोनांनी प-नी-रे या कॉर्ड अगदी बिनचूक मिळतात, आणि असंख्य साधी गाणी एवढ्या तीन कॉर्डवर उभी राहतात. तिथेही लूपमध्ये केवळ कॉर्ड नसून एखादी छोटी सुरावट असेल, तर तिच्यातला शुद्ध मध्यम पाच सेमीटोन चढताच कोमल निषाद होतो.

ही मर्यादा जुनीच आहे. सॉनिक फाउंड्रीच्या ॲसिड या संगणकप्रणालीने 1998 मध्ये ऑडिओ लूप गाण्याच्या लयीशी व पट्टीशी आपोआप जुळवून घेण्याची सोय दिली आणि 2004 मध्ये ॲपलच्या गॅरेजबँडने ती घरोघरच्या संगणकांवर नेली; परंतु ऑडिओ लूपच्या बाबतीत ही सोय सगळे स्वर एकत्र सरकवण्याचीच होती. कॉर्डमधला एकच स्वर वेगळा काढून हलवणे मेलोडाइन या प्रणालीने 2009 मध्ये शक्य केले, तरी अनेक वाद्यांचे घट्ट मिश्रण असलेल्या लूपवर त्याचा फारसा भरवसा धरता येत नाही.

म्हणून नवशिक्याने कॉर्ड वाजवणारे लूप शक्यतो मिडी स्वरूपातच घ्यावेत, असे माझे मत आहे. मिडीमध्ये ध्वनी नसून स्वरांची नोंद असते, त्यामुळे तीव्र मध्यमाचा शुद्ध मध्यम करायला एक नोट खाली ओढणे पुरते. ऑडिओच वापरायचा असेल तर गंधार नसलेले, फक्त षड्ज-पंचम वाजवणारे गिटारचे लूप निवडावेत. मेजर-मायनरचा भेद गंधारावरच, म्हणजे कॉर्डच्या मधल्या स्वरावरच, ठरत असल्यामुळे ते बहुतेक कॉर्डखाली खपून जातात. बेसचा एकाच स्वरावर चालणारा लूपही निर्धास्तपणे हलवता येतो. मात्र ऑडिओ लूप दोन-तीन सेमीटोनांपलीकडे ताणला की वाद्याचा पोत बिघडू लागतो, आणि मानवी आवाज तर त्याआधीच कृत्रिम वाटू लागतो. अकरा सेमीटोन चढवण्याऐवजी एक सेमीटोन उतरवणे केव्हाही बरे.

आणखी एक बाब सहसा कोणी सांगत नाही. सलग वाजावा म्हणून कित्येक लूपच्या शेवटच्या स्वराची गुंज लूपच्या सुरुवातीला मिसळलेली असते. कॉर्ड बदलताना लूप सरकवला की आधीच्या कॉर्डची ती गुंजही सरकते. प्रत्यक्ष वादनात असे कधीच घडत नाही, आणि सगळे स्वर बरोबर असूनही जोड जाणवतो तो बऱ्याचदा यामुळेच. अशा वेळी कॉर्ड बदलते त्या ठिकाणी कोरडा, रिव्हर्ब (घुमारा) नसलेला लूप घेऊन रिव्हर्ब संपूर्ण ट्रॅकवर वेगळा द्यावा.

लूप विकणाऱ्यांकडूनही एक अपेक्षा आहे. फाइलच्या नावात पट्टी आणि लय दिलेली असते, पण चार मात्रांच्या चार आवर्तनांत कोणत्या कॉर्ड कोणत्या क्रमाने येतात हे बहुधा दिलेले नसते. एकाच पट्टीचे दोन लूप एकावर एक ठेवूनही का भांडतात, हे त्या नोंदीशिवाय केवळ कानाने शोधावे लागते. आपल्या पुरवणीत यापुढे लूपसंग्रहांची ओळख करून देताना ही नोंद दिलेली आहे की नाही, याचाही उल्लेख व्हावा, ही विनंती.

कळावे,
आपला विश्वासू,
एक वाचक