बॅज मुलाचा असू द्या, आईबाबांचा नको

संपादक महोदय, स.न.वि.वि.

कुणाला ईगल स्काउट ही स्काउटिंगमधली सगळ्यात वरची रँक मिळाली की पेपरात युनिफॉर्ममधला फोटो आणि दोन ओळी येतात, वाचून आनंद होतोच, पण ते पोर तिथपर्यंत कसं पोचलं ते त्यात कधीच नसतं म्हणून हे पत्र. अमेरिकेतल्या स्काउटिंगमध्ये मुलांच्या हँडबुकात अटी पूर्ण झाल्याच्या सह्या करण्यात माझी बरीच वर्षं गेलीत.

एकूण सात पायऱ्या आहेत: स्काउट, टेंडरफूट, सेकंड क्लास, फर्स्ट क्लास, मग स्टार, लाइफ आणि ईगल. मला विचाराल तर सगळ्यात सुंदर टेंडरफूट. त्यात पुशअप्स किती जमतात ते लिहून ठेवायचं, 30 दिवस सराव करायचा आणि परत मोजायचं, किती वाढावेत अशी अटच नाही, चारचे पाच झाले तरी पास, शेजारचा चाळीस काढतो त्याच्याशी काही घेणंदेणं नाही. आणि त्याच रँकला रीफ नॉट ही गाठ दुसऱ्याला शिकवावी लागते, नुसती स्वतःला बांधता येऊन भागत नाही. फर्स्ट क्लासपर्यंत नकाशा-होकायंत्र, पोहणं, प्रथमोपचार, कॅम्पवरचा स्वयंपाक हे सगळं अंगवळणी पडतं.

खरी घाई सुरू होते ती स्टारपासून. तिथून पुढे महिने मोजले जातात, स्टारला किमान चार, लाइफला सहा, ईगलला परत सहा, आणि त्या काळात पथकात संघनायकासारखी जबाबदारी सांभाळायची. ईगलला 21 प्रावीण्य बॅज आणि समाजासाठी एक प्रोजेक्ट, तेही वयाची अठरा वर्षं पूर्ण व्हायच्या आत. मग पालक मधे पडतात. मी असा प्रोजेक्ट बघितलाय की बाबा लाकूड कापतायत, आई फोनवर माणसं जमवतेय आणि मुलगा बाजूला उभा, फार वाईट वाटलं, कारण अटच अशी आहे की प्लॅन त्याने करायचा आणि बाकीच्यांचं नेतृत्वही त्यानेच करायचं. याउलट एक पोरगा लाइफलाच दोन वर्षं रेंगाळला होता, पण नवीन आलेली सगळी लहान मुलं तंबू ठोकायला त्याच्याकडेच जायची, त्याला मी कधीच मागे पडलेला म्हणणार नाही.

तर विनंती एवढीच, पुढच्या वेळी फोटो छापाल तेव्हा त्या मुलाला किंवा मुलीला विचारा, प्रोजेक्टमध्ये काय बिघडलं होतं आणि ते कसं निस्तरलं, आणि ते उत्तर त्यांच्याच शब्दांत छापा.

आपला,
एक जुना स्काउटमास्टर