पेन ड्राइव्ह भरून देणाऱ्या दुकानातून, साखर कारखान्यातले संगणक सांभाळणाऱ्या ताईंना

ताई, सप्रेम नमस्कार.

पैसे तुम्ही घेतले नाहीत. भावाच्या लग्नाचा अल्बम न्यायला आलात, आमचं मशीन सरळ करून गेलात आणि वर ‘राहू दे हो, घरचंच काम’ म्हणालात. म्हणून हे उघड पत्र. दुसरं कारण असं की कोल्हापुरातल्या राजारामपुरीतले, शाहूपुरीतले आणि इचलकरंजीचेही धंद्यातले लोक आता विचारतात, तुमचं मशीन हल्ली लटकत कसं नाही? प्रत्येकाला फोनवर सांगत बसण्यापेक्षा तुमचे आभार मानता मानताच सगळं लिहून टाकतो.

आमचा धंदा तुम्हाला ठाऊक आहे, वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. लग्नाचं शूटिंग, मिक्सिंग आणि शेवटी गिऱ्हाइकाच्या हातात पेन ड्राइव्ह. पूर्वी डीव्हीडी द्यायचो, ती आता कोणी लावत नाही. मिक्सिंगचं मशीन आत वेगळं. बाहेर काउंटरवर जुना पीसी, १६ जीबी मेमरी, त्यावर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही प्रणाली. लिनक्स हौसेनं नाही घातलं. गिऱ्हाईक घरून आणतं त्या पेन ड्राइव्हमध्ये काय काय भरलेलं असतं ते विचारू नका. विंडोजवर सगळ्या फोल्डरांचे शॉर्टकट करून टाकणाऱ्या व्हायरसनं वैताग आणला होता. लिनक्सवर तो त्रास संपला आणि दुसरा सुरू झाला.

कॉपी टाकली की हिरवी पट्टी अशी पळायची की गिऱ्हाईक खूश. दोन-अडीच जीबी बघता बघता गेले. मग पट्टी जागच्या जागी उभी. माउस अडकत चालायचा, ब्राउझर पांढरा पडायचा, शेजारी बिल टाइप करणारा पोरगा कीबोर्ड आपटायचा. कधी उलटं व्हायचं: लहान फाइल असली की पट्टी लगेच शंभर टक्के, पण ‘सुरक्षितपणे काढा’ म्हटलं की चक्र फिरतच राहायचं. समोर गडहिंग्लजच्या गाडीची वेळ झालेला माणूस उभा. तो म्हणणार, ‘शंभर टक्के झालं की हो, द्या इकडं,’ आणि हात घालून उपसूनच नेणार. घरी टीव्हीवर हळद दिसते, अक्षता पडायच्या आत पिक्चर बंद. मग बायकोचा फोन, मेव्हण्याचा फोन, आणि बोलणी खाणारा मी.

सल्ले भरपूर मिळाले. एक जण म्हणाला मशीन बदला. एक म्हणाला लिनक्स काढून टाका. आमच्या पोरांनी ‘विषय हार्ड आहे’ म्हणून हात वर केले. एकानं इंटरनेटवरून उपाय शोधून आणला होता: पेन ड्राइव्ह जोडतानाच ‘सिंक’ नावाचा पर्याय लावायचा, म्हणजे प्रत्येक अक्षर तिथल्या तिथं लिहिलं जातं. तुम्ही त्याला हात लावू दिला नाहीत, हे फार बरं झालं. तुमचं म्हणणं होतं की त्या पर्यायात पेन ड्राइव्हवरचा फाइलींचा तक्ता पुन्हा पुन्हा लिहिला जातो, म्हणजे वेग आणखी पडतो आणि मोजकंच आयुष्य असलेली फ्लॅश मेमरी उगाच झिजते. लिनक्सच्या स्वतःच्या माहितीपुस्तिकेतही हा इशारा दिलेला आहे, तो तुम्ही उघडून दाखवलात.

तुम्ही आल्या आल्या काहीच बदललं नाहीत, हे मला सगळ्यात जास्त आवडलं. पहिला प्रश्न विचारलात, ‘स्लो म्हणजे नेमकं कुठं स्लो? पट्टी पहिल्यापासून रांगते का पळून थांबते?’ असं आजवर कोणी विचारलंच नव्हतं. मग काळी खिडकी उघडून तुम्ही मेमरीचा हिशेब दाखवणाऱ्या ‘मेमइन्फो’ फाइलमधल्या दोनच ओळी दर सेकंदाला दिसतील असं केलंत: ‘डर्टी’, म्हणजे मेमरीत साठलेलं पण अजून न लिहिलेलं, आणि ‘राइटबॅक’, म्हणजे आत्ता लिहिलं जात असलेलं. कॉपी लावली. पट्टी पळाली तसा डर्टीचा आकडा फुगत गेला. पट्टी थांबली तेव्हा तो जवळपास २.८ जीबीवर होता. आणि पेन ड्राइव्हचा दिवा लुकलुकत होता, सावकाश.

तेव्हा तुम्ही कारखान्याचं जे उदाहरण दिलंत ते आमच्या पोरांना अजून पाठ आहे. काट्यावर वजन होऊन ट्रॅक्टर यार्डात आला म्हणजे ऊस गाळला असं होत नाही. गव्हाणीत जेवढा पडतो तेवढाच गाळला जातो. आमची पट्टी काट्यावरची नोंद दाखवत होती. फाइल पेन ड्राइव्हवर पोचलीच नव्हती, कर्नलनं, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यानं, ती मेमरीत उतरवून घेतली होती आणि कॉपी करणाऱ्या प्रोग्रामला ‘झालं’ म्हणून सांगितलं होतं. पुढं सावकाश लिहिणं चालू. यार्ड तुडुंब भरलं की फाटक बंद, आणि मग लिहायला आलेल्या दुसऱ्या प्रोग्रामांनाही ताटकळावं लागतं. ब्राउझर पांढरा पडायचा तो म्हणून. मिंटचा दोष नाही, मशीनचाही नाही.

आकडे तुम्ही वहीच्या पाठकोऱ्या पानावर लिहून दिले होते, ते पान काउंटरच्या काचेखाली आहे. मोकळ्या होऊ शकणाऱ्या मेमरीच्या १० टक्के इतकं न लिहिलेलं साठलं की कर्नल मागच्या मागं लिहायला लागतो, २० टक्के झालं की लिहिणाऱ्यालाच थांबवतो. साठलेलं काही ३० सेकंदांपेक्षा जुनं झालं तरी ते लिहायला काढतो, आणि ते बघायला दर ५ सेकंदांनी जागा होतो. आमच्याकडं वापरण्याजोगी १४ जीबीच्या आसपास, म्हणजे २० टक्के धरले तर २.८ जीबी. आत हार्ड डिस्क असेल तर हे चालून जातं. पण सेकंदाला ८ एमबी लिहिणाऱ्या स्वस्तातल्या पेन ड्राइव्हला २.८ जीबी उपसायला सहा मिनिटं लागणारच. गडहिंग्लजची गाडी तेवढ्यात तावडे हॉटेलच्या पुढं गेलेली असते.

आणि एक गोष्ट मला तुमच्याकडून नवीनच कळली. हा टक्क्यांचा हिशेब ८ ते ६४ एमबी मेमरीच्या मशीनच्या काळातला, असं २०१३ साली खुद्द लिनक्सचे जनक लिनस टॉरवाल्ड्स यांनीच म्हटलं होतं. तेव्हा दहा-वीस टक्के म्हणजे किती, थोडे एमबी. मेमरी वाढत गेली, टक्के तेच राहिले. मी गेल्या वर्षी ‘मशीन हळू चालतंय’ म्हणून ८ जीबीची १६ जीबी मेमरी करून घेतली होती, आणि त्यानं यार्ड दुप्पट झालं होतं. हे कळल्यावर तुम्ही हसलात, मीही हसलो. मेमरीचा खर्च मिक्सिंगच्या मशीनवर केला असता तर बरं झालं असतं, पण ते जाऊ दे.

धंद्यातल्या मंडळींसाठी उपाय लिहून ठेवतो. टाइप करताना इंग्रजी अक्षरांत करा, इथं मी देवनागरीत लिहिलंय. ‘एटीसी’ फोल्डरमधल्या ‘सिसकटीएल.डी’मध्ये (sysctl.d) एक छोटी फाइल, तिच्यात दोन ओळी:

व्हीएम.डर्टी_बॅकग्राउंड_बाइट्स = १६७७७२१६
व्हीएम.डर्टी_बाइट्स = ६७१०८८६४

म्हणजे १६ एमबी साठलं की लिहायला सुरुवात, ६४ एमबीला फाटक बंद. बाइट्सचा आकडा दिला की टक्क्यांचा आपोआप शून्य होतो, दोन्ही एकदम चालत नाहीत. ही सेटिंग पूर्ण मशीनला लागू होते, आतल्या डिस्कवर मोठ्ठं लिखाण करणाऱ्यांना थोडी आडकाठी होऊ शकते, हे तुम्ही बजावून सांगितलं होतंत. म्हणून मिक्सिंगच्या मशीनवर ती घातलेली नाही, फक्त काउंटरवर. कर्नल ६.२ पासून पुढं एकेका ड्राइव्हपुरती वेगळी, बाइट्समध्ये कडक मर्यादा घालायची सोय आली आहे, पण आमच्या पीसीवरचा कर्नल जुना, म्हणून तुम्ही सरळ मार्ग घेतलात.

आता खरं सांगायचं तर या दोन ओळींनी कॉपीचा एकूण वेळ फारसा घटला नाही. हे मी मुद्दाम लिहितोय, नाहीतर कोणीतरी ओळी टाकणार आणि मला शिव्या देणार. पट्टी आता सुरुवातीपासून पेन ड्राइव्हच्या चालीनं चालते. पंधरा मिनिटं लागणार असतील तर पहिल्याच मिनिटाला पंधरा दाखवते. मग गिऱ्हाइकाला सांगता येतं, ‘समोर चहा घेऊन या.’ शंभर टक्के झालं की ‘काढा’ म्हटल्यावर लगेच सुटतो. आणि बिल टाइप करणारा पोरगा कीबोर्ड आपटत नाही.

वेळ घटला तो दुसऱ्या गोष्टीनं, ती तर तुम्ही चालता चालता केलीत. जोडलेल्या यूएसबी वस्तूंची यादी दाखवणाऱ्या ‘एलएसयूएसबी’ कमांडला ‘टी’ जोडून विचारलंत तर आमचा चांगल्यातला, यूएसबी ३ चा पेन ड्राइव्हसुद्धा ४८०एम दाखवत होता. म्हणजे सेकंदाला ४८० मेगाबिट, आठनं भागलं की ६० एमबी, आणि प्रत्यक्षात हाती येतात पस्तीस-चाळीस. कारण पीसीच्या पुढच्या बाजूची पोर्टं यूएसबी २ ची, आणि आम्ही वाकायला नको म्हणून तिथंच लावायचो. मागच्या निळ्या पोर्टात घातला तर ५०००एम. आता मागून एक एक्स्टेन्शन केबल काउंटरवर आणून ठेवली आहे, तीही यूएसबी ३ ची बघून घेतली. साधी लावली असती तर पुन्हा ४८०.

तरी काही पेन ड्राइव्ह निळ्या पोर्टातही रांगतातच. त्याला औषध नाही, हे तुम्ही तोंडावर सांगितलंत. सुरुवातीचे थोडे जीबी वेगात घेतो आणि मग एकदम बसतो, तो त्याच्या आतल्या फ्लॅशचा आणि कंट्रोलरचा स्वभाव. वेगानं घेणारा भाग छोटा असतो, तो भरला की खरी चाल दिसते. म्हणून आता घाऊक आणायच्या आधी एक नमुना आणतो आणि निम्म्याहून जास्त भरून बघतो. खोक्यावर लिहिलेला वेग बहुतेक वेळा वाचायचा असतो, लिहायचा नसतो. ६४ जीबी म्हणून विकलेले आणि आत भलतंच निघणारे नगही बाजारात असतात. त्यासाठी तुम्ही ‘एफ३’ नावाचं फुकटचं साधन घालून दिलंत, ते ड्राइव्ह पूर्ण भरतं आणि परत वाचून बघतं. त्यानं पहिल्याच खोक्यात दोन नग बाजूला काढले.

फोटोंचं वेगळंच असतं. तीन-चार हजार फोटो एकेक करून टाकायला तेवढ्याच आकाराच्या एका व्हिडिओपेक्षा कितीतरी जास्त वेळ लागतो, कारण फ्लॅशमध्ये थोडं बदलायचं तरी मोठा तुकडा पुसून परत लिहावा लागतो, आणि प्रत्येक फाइलीमागं तक्त्यात नोंद. तुम्ही म्हणालात, कॉम्प्रेस न करता सगळ्यांची एकच झिप फाइल करा. अल्बम छापणाऱ्याला तशीच देतो. घरच्या माणसांना मात्र झिप देऊन चालत नाही, आजीला टीव्हीवर फोटो बघायचे असतात. तिथं वेळ लागतो तो लागू द्यायचा.

पेन ड्राइव्हच्या एफएटी३२ फॉरमॅटमध्ये एका फाइलीला ४ जीबीची मर्यादा असते हे आम्हाला माहीत होतं, पण त्यावरचा आमचा तोडगा, सगळं विंडोजच्या एनटीएफएस फॉरमॅटमध्ये द्यायचं, तुम्हाला पटला नाही. जुन्या लिनक्सवर एनटीएफएस कर्नलच्या बाहेरून चालतो आणि प्रोसेसरला राबवतो. एक्सफॅट हा दुसरा फॉरमॅट कर्नलमध्येच आलाय, २०२० च्या ५.७ पासून नीट. नवीन टीव्ही असेल तर एक्सफॅट, जुना असेल तर एफएटी३२ आणि लग्नाचे चार भाग: हळद, सीमांतपूजन, लग्न, वरात. लोकांना तेच आवडतं, नाहीतरी वरातच आधी लावतात.

आणि शेवटची सवय तुम्ही लावलीत ती आम्ही काटेकोर पाळतो. कॉपी झाल्यावर ड्राइव्ह काढायचा, परत लावायचा, मगच मूळ फाइलीशी ताडून बघायचा. न काढता ताडला तर मशीन मेमरीतलीच प्रत वाचून ‘बरोबर’ म्हणतं, हे मला सुचलंही नसतं. यात वेळ जातो, आणि लग्नसराईत पोरं कुरकुरतात. पण लग्न पुन्हा शूट करता येत नाही, एवढं सांगितलं की गप्प बसतात.

ताई, तुमच्या कारखान्यात हंगामात काट्यावरचे संगणक एक मिनिट बंद पडलेले चालत नाहीत, रांग थेट रस्त्यावर जाते, हे तुम्ही बोलता बोलता म्हणालात. त्या कामातून आलेला माणूस कसा बघतो ते त्या दुपारी दिसलं. माझ्या पोरांना तुम्ही कमांड पाठ करून घेतल्या नाहीत, त्यांच्याकडून टाइप करून घेतल्यात. मधला पोरगा आता दुसऱ्यांच्या दुकानात जाऊन ‘आधी मला मेमइन्फो बघू दे’ म्हणतो. थोडा शिष्ट झालाय, पण चालायचंच.

तुमच्या भावाच्या लग्नाचा ड्राइव्ह ताडून तयार आहे. वरातीचा भाग आधी ठेवलाय. स्वतःचा वीजपुरवठा असलेला यूएसबी हब, म्हणजे एका पोर्टाची अनेक करणारी डबी, घ्या म्हणाला होतात, तोही आणलाय. चार ड्राइव्ह एकदम लावले की एक मधूनच सुटतो, ते हबमुळं का केबलमुळं एवढं एकदा येऊन बघा. या वेळी चहा पूर्ण घेतल्याशिवाय उठायचं नाही.

आपला,
राजारामपुरीतला स्टुडिओवाला