टाकीतलं घासलेट

ओमा, टायरोन परगणा
२८ ऑगस्ट

प्रिय सुमे,

तुझा व्हॉइस मेसेज तीनदा ऐकला. पहिल्यांदा आनंदानं, दुसऱ्यांदा पत्ता नीट कळावा म्हणून आणि तिसऱ्यांदा तुझ्या त्या एका वाक्यासाठी: "घर छान आहे गं, फक्त मागच्या अंगणात भलीमोठी हिरवी टाकी आहे, पाण्याची असेल."

सुमे, पाण्याची नाही ती. इथे पाणी रोज आभाळातून पडतं, ते साठवायला टाकी कोण बांधेल? त्या टाकीत रॉकेल असतं. आपलं घासलेट! ज्याच्यावर चालणाऱ्या पंपाच्या स्टोव्हला आई पिन मारत बसायची, तेच. इथे त्याला नुसतं 'ऑइल' म्हणतात. त्याच्यावर बॉयलर चालतो, बॉयलरवर घरातले सगळे रेडिएटर आणि आंघोळीचं गरम पाणी. उत्तर आयर्लंडमधली सुमारे दोन तृतीयांश घरं अशीच तेलावर तापतात. एनिस्किलन गावात आता गॅसची पाइपलाइन आली आहे, पण तू भाड्यानं घर घेतलंयस गावाबाहेर, त्यामुळे तू आमच्यातलीच. फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर आपण पाच मिनिटांत मिरजेच्या हॉस्टेलवर जाऊन पोचतो आणि मुद्दा राहतो बाजूला. म्हणून लिहून पाठवते.

पहिल्या हिवाळ्यात मी काय केलं ते आधी ऐक, म्हणजे तू ते करणार नाहीस. मी आले २०२१ च्या ऑक्टोबरात. टाकीत तेल किती आहे हे बघायचं असतं, हेच मुळी मला ठाऊक नव्हतं. एका पहाटे नाइट ड्यूटीवरून आले तर घर गारठलेलं, बॉयलर बंद. त्याला एक लाल बटण असतं, ते दाबलं. घुरघुरला आणि पुन्हा गप्प. (पुन्हा पुन्हा दाबू नकोस ते. तेल संपलं की नळीत हवा शिरते, ती काढायला मेकॅनिक लागतो आणि त्याची फी आपल्याच डोक्यावर.) तेलवाल्यांना फोन केले तर थंडीमुळे सगळ्यांची रांग, चार दिवसांनी टँकर येणार. मग पेट्रोल पंपावरून २० लिटरचे दोन ड्रम आणले. ड्रममधलं तेल लिटरमागे कितीतरी महाग पडतं, पण गरजवंताला अक्कल नसते. पावसात, हेडटॉर्च लावून, डाव्या हातात नरसाळं धरून ओतलं. अर्धा पेलाभर बुटावर सांडलं. तो वास आला मात्र आणि मी एकदम रेशनच्या रांगेत उभी! हातात कडीचा पत्र्याचा डबा, पुढे लांबलचक रांग, आणि दुकानदार माप पुरतं न भरताच डब्यात उपडं करतोय. तुझ्याही बुटावर सांडेल कधीतरी, तेव्हा आठवण काढ.

दुसरी चूक त्याहून मोठी. फेब्रुवारीत टाकी अर्ध्याखाली गेली होती, पण मी म्हटलं थंडी सरतच आलीय, चालवू कसंतरी. तेवढ्यात युक्रेनवर हल्ला झाला. २०२२ च्या मार्चमध्ये इथल्या तेलाचा दर महिन्याभरात जवळजवळ दुप्पट झाला, आणि नेमकी त्याच आठवड्यात माझी टाकी तळाला. विजेच्या नि गॅसच्या दरांवर इथे नियामकाची नजर असते, तेलाचे दर मोकळे सोडलेले. कच्चं तेल चढलं, डॉलरपुढे पौंड घसरला, की दुसऱ्या दिवशी आपल्या दारात कळतं. उलटंही होतं म्हणा. विमानाचं इंधनही केरोसीनच्याच जातीचं. २०२० मध्ये विमानं जमिनीवर बसली तेव्हा इथल्या लोकांनी मातीमोल भावानं टाक्या भरून घेतल्या. शेजारचे आजोबा ते अजून लग्नात मिळालेल्या बैलजोडीसारखं सांगतात.

तर घ्यायचं केव्हा? थंडी वाजायच्या आधी, म्हणजे आत्ता. पहिला गारठा पडला की सगळा परगणा एकाच दिवशी फोन उचलतो. किती घ्यायचं, तर ३०० लिटरच्या खाली बहुतेकजण टँकर पाठवत नाहीत, आणि ३०० चा दर लिटरमागे चांगलाच जास्त असतो. ५०० वर तो बऱ्यापैकी उतरतो, ९०० वर अजून थोडा. इथली कन्झ्युमर कौन्सिल, म्हणजे ग्राहकांची बाजू बघणारी संस्था, दर आठवड्याला ३००, ५०० आणि ९०० लिटरचे सरासरी दर भागवार जाहीर करते. तो आकडा समोर ठेवून तीन-चार जणांना फोन कर आणि सरळ सांग, "अमुक ठिकाणी इतक्याला मिळतंय." आपल्याला मंडईत घासाघीस करायची लाज वाटत नाही, मग इथे कशाला? ही माणसं बिलकुल रागावत नाहीत, चारदोन पौंड हसत सोडतात. फक्त सांगितलेल्या दरात ५ टक्के व्हॅट धरलाय ना, तेवढं विचारून घे.

खरी बचत मात्र भिशीत आहे. हसू नकोस. आमच्या रस्त्यावरची सात घरं मिळून एकदम मागणी नोंदवतात. टँकर एकच फेरी मारतो, म्हणून तेलवाला दर कमी लावतो. ऑइल क्लब म्हणतात त्याला, पण मी पहिल्या मीटिंगला गेले आणि चहाबरोबर बिस्किटं आली तेव्हा मनात म्हटलं, ही तर भिशी! तुझ्या भागात असा क्लब आहे का ते चर्चमधल्या नाहीतर दुकानातल्या बाईंना विचार, त्यांना सगळं ठाऊक असतं. दुसरी एक सोय म्हणजे तेलाची तिकिटं. बऱ्याच स्थानिक कौन्सिलांच्या (आपल्या नगरपालिकांसारख्या) हद्दीत दुकानांतून पाच-पाच पौंडांची तिकिटं मिळतात. दर आठवड्याला एक-दोन घेऊन कार्डावर चिकटवायची आणि कार्ड भरलं की तेलाच्या बिलात वळती करायची. आपल्या लहानपणी पोस्टाची होती ना, तस्सं.

आता चोरीचं. हे तुला घाबरवायला लिहीत नाहीये, पण लिहिल्याशिवाय राहवतही नाही.

२०२३ च्या सुरुवातीला सरकारनं इथे घरटी ६०० पौंड दिले, वीज आणि तेल मिळून. माझे आले आणि मी ऐटीत ५०० लिटर भरून घेतलं. चौथ्या दिवशी सकाळी बॉयलर बंद. तेल संपलं असेल अशी शंकासुद्धा आली नाही. बॉयलरच बिघडला म्हणून मेकॅनिकला बोलावलं. तो बॉयलरकडे गेलाच नाही. आधी टाकीपाशी गेला आणि बोटांच्या पेरांनी खालपासून वरपर्यंत ठोकत गेला, आपण कलिंगड ठोकून बघतो तसं. तळापासूनच पोकळ आवाज. माझ्याकडे वळून म्हणाला, "तुझ्याकडे कुणीतरी येऊन गेलंय." मागच्या कुंपणाची फांदी मोडलेली, चिखलात टायरचे ठसे आणि गवतात हातभर हिरवी नळी पडलेली. झाकण उचकटून, पंप लावून, रात्रीत उपसून नेलं. मी त्या रात्री ड्यूटीवर होते. कुणाच्या तरी तापाच्या पट्ट्या बदलत.

पोलिसांना १०१ वर कळवलं, एक माणूस येऊन वही भरून गेला. तेल काही परत आलं नाही. विमावाल्यांनी सांगितलं, तुमच्या पॉलिसीत टाकीतलं तेल धरलेलंच नाही. टाकी घरमालकाची, तेल भाडेकरूचं, हा भेद मला तोवर कळला नव्हता. तू विमा घेशील तेव्हा घराबाहेरच्या टाकीतलं तेल चोरीला गेलं तर आणि सांडलं तर, असे दोन्ही प्रश्न विचार आणि उत्तर लेखी घे. सांडण्याचं जास्त महत्त्वाचं. काही चोर प्लॅस्टिकच्या टाकीला खालून भोकच पाडतात, हवं तेवढं नेतात आणि उरलेलं मातीत जातं. माती खरवडून नेण्याचा खर्च तेलाच्या कित्येक पट येतो, आणि जवळ विहीर किंवा ओढा असेल तर विचारूच नकोस.

त्यानंतर मी जे केलं त्यातलं निम्मं फुकट गेलं. हालचालीनं पेटणारा दिवा लावला, तो रात्रभर कोल्ह्यांसाठी पेटायचा आणि मी प्रत्येक वेळी अंथरुणात उठून बसायची. तो काढून मंद दिवा लावला, संध्याकाळी लागतो नि पहाटे विझतो. टाकीभोवती खडी टाकली, पाऊल पडलं की करकरते. झाकणाला कुलूप लावलं, ज्याची कडी जवळपास सगळी अंगातच लपलेली असते तसलं, म्हणजे कातर घुसत नाही. इतकं पक्कं लावलं की पुढच्या खेपेला टँकरवाला आला, मी कामावर, किल्ली माझ्या पर्समध्ये. तो बिचारा चिठ्ठी ठेवून परत गेला आणि भिशीचा दर माझ्यापुरता हुकला. आता किल्ली आजोबांकडे असते.

कुंपणाच्या खिंडारात आजोबांनीच हॉथॉर्न लावायला सांगितलं. काटेरी झुडूप, आपल्याकडे बांधाला निवडुंग लावतात तसं. मी म्हटलं, शेतात मधोमध ते एकटं हॉथॉर्न उभं आहे, त्याच्याच फांद्या तोडून आणू का? आजोबांचा चेहरा पडला. तशा एकट्या झाडात परी राहते म्हणे, त्याला हात लावायचा नाही. मी लगेच ऐकलं. पिंपळावरच्या मुंजाला भिऊन वाढलेली पोर मी, मला काय समजावून सांगायचं?

सगळ्यात उपयोगी पडली ती आईची काठी. आठवते ना, रॉकेलच्या डब्यात बुडवून बघायची ती? माझ्या टाकीच्या आत ध्वनिलहरींनी खोली मोजणारं एक यंत्र आहे, घरातल्या डबीवर रेघा दाखवतं. पण एक रेघ म्हणजे नेमकं किती लिटर, हे त्यालाच ठाऊक. मी बागेतला बांबू आणला, खुणा केल्या आणि दर रविवारी मोजून आकडा कालनिर्णयावर लिहिते. एकादशीच्या खाली ४१०, संकष्टीच्या शेजारी ३८५. आठवड्याला किती जळतं ते कळतं, गळती असली तर कळते, आणि एकदम शे-दीडशेची घट दिसली तर चोर आल्याचं मेकॅनिकच्या आधी आपल्याला कळतं. म्हणून मी ९०० एकदम घेत नाही, दोनदा ५०० घेते. लिटरमागे थोडं जास्त जातं, पण गेलं तर सगळं तरी जात नाही.

तुझ्या घरात शिरलीस की सामान उघडायच्या आधी टाकीजवळ जा. तळाशी किती तेल आहे त्याचा फोटो काढून घरमालकाला पाठव, नाहीतर सोडताना पूर्ण टाकी भरून मागतील. टाकी दुहेरी आहे का ते बघ. आतली फुटली तर तेल बाहेरच्या कवचात थांबावं अशी रचना असते, आणि बाहेरचं कवच आतल्यापेक्षा दहा टक्के जास्त धरतं. एकेरी असेल, उन्हानं पांढरट पडून चिरा दिसत असतील, तर तेल भरायच्या आधीच मालकाला लेखी कळव. आणि टाकी स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसते का तेही बघ. रस्त्यावरून दिसत असेल तर झुडपाची सोय करू, मी येईन कुदळ घेऊन.

पुढच्या रविवारी मी मोकळी आहे. सकाळच्या बसनं येते, बांबू घेऊन.

तुझी,
विजू

ता. क. येताना बॅगेत जागा उरली तर मेतकूट आण. कुलूप नको, आपलं पितळी कुलूप इथल्या पावसात महिन्याभरात अडकतं. मी आणून बघितलंय.