केरनला का गेलो नाही

अदिस अबाबा,
१७ नोव्हेंबर २०२४

प्रिय बाळू,

सप्रेम नमस्कार. तुझं पत्र आणि त्यातल्या शिव्या, दोन्ही पोचलं. "एवढा शेजारी राहतोस आणि आबांच्या केरनला अजून गेला नाहीस?" हा तुझा सवाल रास्त आहे. आबा 'किरणची लढाई' म्हणायचे आणि आपल्याला वाटायचं, किरण नावाच्या कुणा दांडग्याशी ह्यांची झुंज झाली असणार. ते इरिट्रियातलं केरन नावाचं शहर निघालं. दुसऱ्या महायुद्धात इटालियनांनी तिथली डोंगरखिंड अडवून धरली होती, आणि २७ मार्च १९४१ ला केरन पडलं तेव्हा ब्रिटिश फौजेतले आपले मराठे तिथं होते, हे मलाही इथं आल्यावरच नीट कळलं.

नकाशा बघशील तर तुझं बरोबरच आहे. इथून, म्हणजे इथियोपियातून, इरिट्रियाची राजधानी अस्मारा विमानानं तास-सव्वा तास, पुढं केरन नव्वदेक किलोमीटर. पण ३ सप्टेंबरपासून इथियोपियन एअरलाइन्सची अस्मारा उड्डाणं बंद आहेत. इरिट्रियानं ३० सप्टेंबरपासूनची बंदी जुलैतच जाहीर केली होती. तो दिवस उजाडण्याआधीच कंपनीनं गाशा गुंडाळला. जमिनीवरची सीमा तर केव्हाचीच बंद. म्हणजे आता दुबई नाहीतर कैरो गाठायचं आणि उलटं फिरून यायचं. साताऱ्याहून कोरेगावला जायला कलकत्त्याची गाडी धरावी, तसं.

ह्या भांडणाचं मूळ तुला आमच्या घरमालकीणबाईंवरून सांगतो. बाई जन्मानं अस्माराच्या, लग्न करून अदिसला आल्या. तेव्हा देश एकच होता. तीस वर्षं लढून इरिट्रिया १९९३ ला वेगळा झाला, तोही बऱ्यापैकी गोडीनं. मग १९९७ ला त्यांनी नाक्फा हे स्वतःचं चलन काढलं, व्यापारावरून कुरबुरी वाढल्या, आणि मे १९९८ मध्ये बाद्मे नावाच्या एका ओसाड गावावरून युद्ध पेटलं. सत्तर हजारांहून जास्त माणसं गेली असं मानतात. इथून इरिट्रियन वंशाच्या पाऊण लाख लोकांना हद्दपार केलं. बाईंचा धाकटा भाऊही त्या हद्दपारांत होता. बसमध्ये बसवला तेव्हा अंगावर होता तेवढाच सदरा, हे त्या अजून सांगतात. डिसेंबर २००० मध्ये अल्जियर्सला करार झाला, २००२ ला सीमा आयोगानं बाद्मे इरिट्रियाला दिलं, पण इथियोपियानं ते सोडलं नाही. ना युद्ध ना शांतता, फोनही बंद, अशी वर्षं गेली.

आणि मग तो २०१८ चा जुलै! मी तेव्हा नवाच होतो इथं. पंतप्रधान अबी अहमद ८ तारखेला अस्माराला गेले, दुसऱ्या दिवशी युद्ध संपल्याचं जाहीर झालं आणि फोन सुरू झाले. बाईंनी बहिणीचा जुना नंबर फिरवला, लागेना. तर पठ्ठीनं अस्माराचा कुठलाही एक नंबर फिरवला. पलीकडे कुणी अनोळखी गृहस्थ होते. दहा मिनिटं दोघं बोलत होते, पाऊस किती झाला वगैरे! शहरभर लोक असंच करत होते. १८ जुलैला पहिलं विमान गेलं; गर्दी एवढी की पाव तासात मागोमाग दुसरं. प्रवाशांना गुलाब वाटले, उतरल्यावर लोकांनी जमिनीचे मुके घेतले. बाई ऑगस्टमध्ये गेल्या आणि भावाला वीस वर्षांनी भेटल्या. परत येऊन एवढंच म्हणाल्या, "टक्कल पडलंय त्याला."

११ सप्टेंबरला, इथल्या नववर्षाच्या दिवशी, सीमाही उघडली. पण डिसेंबरातच इरिट्रियानं झालाम्बेसाचा नाका बंद केला, पाठोपाठ बाकीचेही. अबींना २०१९ चं नोबेल मिळालं तेव्हा गाड्या पुन्हा थांबलेल्या होत्या. मला विचारशील तर ती दोस्ती दोन देशांची नव्हतीच, अबी आणि इरिट्रियाचे अध्यक्ष इसायस या दोन माणसांची होती, आणि इथियोपियाचा सीमेलगतचा टिग्रे प्रांत ही त्यांची समाईक अडचण. २०२० ला दोघांची सैन्यं मिळून तिथं लढली. २०२२ मध्ये प्रिटोरियात इथियोपिया सरकारनं टिग्रेच्या नेत्यांशी समेट केला, त्यात इरिट्रिया नव्हता. तिथून बिनसलं. आता अबी तांबड्या समुद्रावर बंदर हवं म्हणतात, आणि तिथं इरिट्रियाचं असाब बंदर आहे. मग विमान कसं राहील?

तरी जानेवारीत दुबईमार्गे जायचं ठरवलंय. व्हिसा मिळाला तर. अस्माराबाहेर पडायलाही परदेशी माणसाला वेगळा परवाना लागतो, तोही काढीन. केरनला आपल्या ज्या जवानांना अग्नी दिला त्यांचं स्मारक आहे, तिथं आबांचे सोबती सापडतील. बाईंनी आत्ताच दोन किलो कॉफी बांधून ठेवलीय भावासाठी. तासाभराच्या वाटेची कॉफी दुबई बघून जाणार.

तू एक कर. माळ्यावरच्या ट्रंकेत आबांचे कागद असतील, त्यांची पलटण नक्की कोणती ते बघून कळव. मराठ्यांची तिसरी पलटण तिथं होती हे मला माहीत आहे. आणि त्यांच्या सोबत्यांची नावं काकूंना आठवत असली तर तीही लिही. काकूंना नमस्कार.

तुझा,
विन्या